टिटवीला विचारून

"आक्का, ही सासू माझ्या टिटवीवरनं उतरव बरं," शिवलिंग मठपती खिडकीतून आत हात घालून म्हणाला, "न्हाईतर मी हिला हितंच दगडानं फोडतो."

"फोड," मी म्हणाले. "आणि साहेबांना काय सांगायचं तेही तूच ठरव."

तो हसला. शिवलिंगला राग आला तरी हसू आधी यायचं. मी त्याची टिटवी आत घेतली, टेबलावर आडवी ठेवली आणि पुसायला लागले. उतरवायचं काही माझ्या हातात नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं. त्याला फक्त कुणापाशी तरी भांडायचं होतं आणि खिडकीत मी सापडले होते.

टिटवी म्हणजे आमच्या जलरक्षक दलाची बंदूक. हातभर लांब, काखेत मावणारी, खटका ओढला की एका दमात तीन गोळ्या टाकणारी मशीनगन. कागदोपत्री तिचं नाव नुसत्या अक्षरांनी आणि आकड्यांनी भरलेलं होतं, ते माझ्याशिवाय कुणाच्या ध्यानात राहत नसे. सुरू केली की ती दोनदा टिवटिवायची, तेवढ्यावरून तिचं बारसं झालं होतं. करडबेटच्या चौकीत अशा वीस टिटव्या होत्या. शहराकडे जाणारी मोठी जलवाहिनी आमच्या माळावरून गेलेली, आणि दुष्काळाचं ते ओळीनं चौथं वर्ष. वाहिनी फोडून टँकर भरून नेणाऱ्या टोळ्या यायच्या त्या हत्यारं घेऊनच. आसपासच्या वस्त्यांना मात्र आठवड्यातून दोनदा व्हॉल्वपाशी कार्डावर पाणी मिळायचं, माणशी एक भांडं. टोळ्यांशी लढायचं आणि वस्तीवाल्यांना रांगेत उभं करायचं, ही दोन्ही कामं त्याच वीस टिटव्यांवर चालत.

मी शस्त्रागारात जोडारी होते. गिरिजा बिडवे माझं नाव, पण सगळी चौकी आक्काच म्हणायची. टिटवीला चढवायचं जास्तीचं सामान शहरातून खोक्यांतून यायचं. ते बसवणं, जुनं काढून नवं घालणं हे माझं काम. जवानांची हौस तर विचारू नका. पोळ्याला बैल सजवावेत तशी ही पोरं टिटव्या सजवायची. एकाला नळी तापू नये म्हणून जाळीची बाही हवी. दुसऱ्याला आवाज गिळणारा मुका नळा हवा. तिसऱ्याला साठ गोळ्यांचा ढोल, मग ढोलानं वजन वाढतं म्हणून खांद्याला टेकायचा घडीचा दांडा, मग दांडा टोचतो म्हणून त्याला रबराची गादी. "लग्नात नवरीला तरी एवढं घातलं होतंस का रे?" मी विचारायची. माझ्या जिभेला तेव्हा धार होती. हाताला त्याहून जास्त होती आणि मला तिचा गर्व होता, हे आधीच सांगून टाकते.

त्या उन्हाळ्यात जे खोकं आलं त्यात पारखी होती. बोराएवढ्या काचेची एक डबी, नळीच्या वर बसवायची. समोरच्याच्या हातात हत्यार आहे की नाही हे ती बघायची. दिसलं तर गप्प राहायची. नाही दिसलं तर खटका अडकवून धरायची. मग कितीही जोर लावा, नुसतं 'टक' वाजायचं आणि गोळी सुटायची नाही. आदल्या वर्षी कुठल्याशा चौकीवर रांगेतली निःशस्त्र माणसं मारली गेली होती, म्हणून वरून हुकूम आला की पारखीशिवाय एकही टिटवी बाहेर जाणार नाही. तिच्या परवानगीवाचून काही करता येईना, म्हणून पोरांनी तिचं नाव सासू ठेवलं.

सासूची एक खोड होती. काचेवर धूळ बसली किंवा काही आड आलं, की ती लांब शिट्टी मारायची आणि काच पुसेपर्यंत खटका बंद ठेवायची. दिसत नसेल तर कुणालाच मारू द्यायचं नाही, असा तिचा खाक्या. शिवलिंगचं भांडण होतं ते याच्यावरून.

"वारं सुटलं की हिची शिट्टी सुरू," तो म्हणाला. "टोळीवाल्यांस्नी सांगून ठिवू का, की बाबांनो वावटळ बघून या म्हणून?"

"साहेबांना सांग."

"सांगितलं. साहेब म्हनले, फडकं जवळ ठिव."

सगळ्या तुकडीत सासूवर खूश असलेला एकच माणूस होता, आणि तो माझा धाकटा भाऊ होता. मन्मथ. आई गेली तेव्हा तो सात वर्षांचा होता आणि मी सोळाची. त्याला मी न्हाऊ घातलं, शाळेत सोडलं, दलात चिकटवलंही मीच. अंगापिंडानं दांडगा, पण काळीज कोंबडीचं. रांगेत कुणी पदर घट्ट धरला, कुणी खिशात हात घातला की याला घाम फुटायचा. हा हत्यार काढणार की कार्ड? मारू की नको?

पारखी आल्यावर त्यानं, आणि त्याचं बघून बाकीच्यांनी, एक पद्धत पाडली. संशय आला की टिटवी समोर धरायची आणि सरळ खटका ओढायचा. 'टक' वाजलं की समोरचा निर्मळ. ह्याला ते 'टिटवीला विचारणं' म्हणत. वस्तीवाल्यांनाही ते माहीत झालं होतं. म्हातारीकोतारी माणसं स्वतःच पुढं येऊन म्हणायची, "विचार रे बाबा तुझ्या टिटवीला, आन् सोड लवकर."

मला हे कळलं तेव्हा मी त्याला जेवता जेवता झापलं. "खटका ओढून प्रश्न विचारतात का रे, शहाण्या?"

"आक्का, ती न्हाई म्हनली की लई हलकं वाटतंय बघ," तो म्हणाला. "मी ठरवाय गेलो तर चुकंल. ती चुकत न्हाई. तूच बसवलीस की."

तूच बसवलीस म्हटल्यावर माझा राग निवला. मूर्ख बाई मी. आणखी एक भाकरी वाढली त्याच्या ताटात.

भाद्रपद कोरडा गेला. एका दुपारी उत्तरेकडून मातीची भिंत उठली आणि तिच्या आडून टोळी आली. शिवलिंग तेव्हा वाहिनीच्या तिसऱ्या खांबापाशी एकटा होता. त्याच्या टिटवीनं शिट्टी मारली आणि त्या शिट्टीच्या रोखानंच ते लोक त्याच्यापर्यंत पोचले. वारं पडल्यावर आम्ही गेलो. तो पालथा पडला होता. सदऱ्याचं टोक मुठीत घट्ट धरलेलं आणि पारखीची काच अर्धी पुसलेली. पुसता पुसता त्याला कोयत्यानं कापलं होतं. मी ती मूठ सोडवायला गेले, ती सुटेना.

दुसऱ्या दिवशी सगळी तुकडी माझ्या खिडकीत उभी. त्यांना कुणकुण लागली होती आणि ती खरी होती. पारखीच्या पोटात एक बारीक कळ होती. ती एका अंगाला असली, की काच झाकल्यावर खटका बंद. दुसऱ्या अंगाला केली, की काच झाकल्यावर खटका मोकळा, मग शिट्टी नाही आणि अडवणूकही नाही. कंपनीनं ती बंदच्या अंगाला ठेवून वर लाखेची मोहोर मारून पाठवली होती. लाख फोडणाऱ्याला तुरुंग, असं पुस्तकात पहिल्याच पानावर छापलेलं.

"न्हाई," मी सगळ्यांना सांगितलं. "माझ्या हातून हे व्हायचं नाही. जा."

ते गेले. शिव्या देत गेले. आणि आठवड्याभरानं मन्मथची टिटवी तेलपाण्याला आली, तेव्हा भर दुपारी, दार सताड उघडं असताना, मी तिची लाख फोडली. कळ फिरवली, नवी लाख ओतली, मोहोर मारली. एक भाकरी खाण्याइतकाही वेळ लागला नाही. मला माझा भाऊ सदऱ्याचं टोक मुठीत धरून आलेला बघायचा नव्हता. बाकीचीही आयांचीच पोरं होती, पण मला त्यांचं काही वाटलं नाही. मला एकाचंच वाटलं.

त्याला मी सांगितलं नाही. एक तर त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. दुसरं म्हणजे, सांगितलं असतं तर त्यानं ती टिटवी हातात धरली नसती. काच स्वच्छ असेल तोवर पारखी पहिल्यासारखीच चालणार होती. फक्त धुळीत ती त्याला अडवणार नव्हती. धुळीत समोर येईल तो टोळीवालाच असणार, असा मी हिशेब केला. तरी संध्याकाळी त्याला म्हणाले, "ते विचारणं बंद कर आता."

"कामून?"

"नियमात बसत नाही."

"बरं," तो म्हणाला. त्याचं बरं म्हणजे काय ते मला माहीत होतं. लहानपणी शाळेला जातो म्हणायचा तेही असंच बरं.

मग खंडेनवमी आली. आमच्या चौकीत ती खाजाउस्तादांची. उस्ताद शस्त्रागाराचे प्रमुख, माझे गुरू. दाढी पांढरी झालेली, निवृत्तीला वर्ष राहिलेलं. धर्मानं मुसलमान, पण खंडेनवमीला झेंडूची फुलं स्वतःच्या परसातून आणायचे आणि हत्यारं सतरंजीवर ओळीनं मांडताना इंचाचाही फरक खपवून घ्यायचे नाहीत. "ज्याच्यावर पोट हाय त्याला सलाम कराया जात लागत न्हाई," ते म्हणायचे. हळदकुंकू लावायचं काम माझं, शस्त्रागारात बाई मी एकटीच.

वीस टिटव्या ओळीनं मांडल्या. शिवलिंगचीही होती, त्याच्या जागी आलेल्या नव्या पोराच्या नावावर. जवान चपला काढून उभे. मी वाटीत कुंकू कालवलं आणि पहिल्या टिटवीपाशी वाकले, तसा मागून कुणीतरी म्हणाला, "आक्का, सासूला पयलं लावा. न्हाईतर रुसंल."

शिवलिंग गेल्यापासून चौकीत कुणी हसलं नव्हतं. सगळे हसले, उस्तादसुद्धा. मलाही बरं वाटलं. "लावते तर," मी म्हणाले, "उद्या उचलताना शिट्ट्या मारतील तेव्हा पुसा आपापल्या सासूचं कपाळ." आणि मी पारखीच्या काचेवरच अनामिकेनं कुंकू टेकवलं. मग दुसरीच्या, मग तिसरीच्या.

वीस ठिकाणी माझं बोट टेकलं. त्यातली एक मन्मथची आहे हे मला माहीत होतं. ती शिट्टी मारणार नाही हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी एका वेळी माझ्या डोक्यात आल्या नाहीत. एवढंच झालं. पुढं लोकांनी मला देवी कोपली, ग्रह फिरले असलं बरंच सांगितलं, पण झालं ते एवढंच.

दसऱ्याला सणाचं म्हणून जादा पाणी सोडायचं होतं. सकाळी आठाला उस्तादांनी सतरंजीवर अक्षता टाकून हत्यारं हलवली आणि जवानांनी आपापली टिटवी उचलून सुरू केली. एकच कल्लोळ उठला. एकामागून एक शिट्ट्या, पोरं सदऱ्याच्या टोकानं काचा पुसतायत, एकमेकांना टपल्या मारतायत. मी आत पाट-समई आवरत होते. मन्मथ जाता जाता दारातून ओरडला, "आक्का, आल्यावर सोनं देतो गं!" आणि तुकडी गाडीनं व्हॉल्वकडं गेली.

उस्ताद दारात उभे होते. हत्यार बाहेर जाताना आणि आत येताना मोजायचं, ही त्यांची तीस वर्षांची सवय.

"एकोणीस," ते म्हणाले.

"काय एकोणीस?"

"शिट्ट्या. टिटव्या वीस गेल्या, शिट्ट्या एकोणीस वाजल्या. एक बोलली न्हाई. आल्यावर बघ, कुणाची तरी सासू बिघडली."

माझ्या हातातली समई पाटावर आडवी झाली. तेल सांडलं. मी उस्तादांना बाजूला सारून पळत सुटले.

चौकीपासून व्हॉल्व एक कोस. ऊन चढलेलं. अर्ध्या वाटेत चप्पल तुटली ती तिथंच टाकली. पळताना मी देवाशी सौदा करत होते, की आज कुणी पदर घट्ट धरू नये, आज कुणी खिशात हात घालू नये. लांबून रांग दिसायला लागली. सणाची लुगडी, घागरी, कळश्या. मन्मथ रांगेच्या तोंडाशी होता आणि त्याच्यासमोर एक बाई. सुरवसे वस्तीवरची अंबूबाई. पन्नाशीची असेल. एका हातात कळशी आणि दुसरा हात पदराखाली.

"मावशी, पदराखाली काय हाय?" मला त्याचा आवाज ऐकू आला.

"काय न्हाई रे बाबा."

"मंग दावा की."

"काय न्हाई म्हनलं न्हवं," अंबूबाई म्हणाली आणि एक पाऊल मागं सरकली.

मन्मथनं टिटवी उचलली.

"मन्मथ!" मी जिवाच्या आकांतानं ओरडले. "मन्मथ, थांब!"

त्यानं ऐकलं. माझ्याकडं वळून बघितलंही. सणासुदीला ही अनवाणी का पळत आली, असं काहीतरी त्याच्या तोंडावर होतं. त्यानं मान हलवली, म्हणजे एवढं उरकून आलोच. आणि माझ्याकडं बघता बघताच त्यानं टिटवीला विचारलं.

तीन गोळ्या. अंबूबाई खाली बसल्यासारखी बसली आणि मग आडवी झाली. तिच्या पदराखालून प्लास्टिकचा पाच लिटरचा कॅन गडगडत बाहेर आला. माणशी एक भांडं असा नियम होता. तिला सणाचं थोडं जास्त हवं होतं.

रांग किंचाळत पांगली. मन्मथ जागचा हलला नाही. मी पोचले तेव्हा तो टिटवीकडंच बघत होता. पारखीच्या काचेवर माझ्या बोटाचं कुंकू वाळून बसलं होतं. तो मला म्हणाला, "आक्का, ही न्हाई म्हनली न्हाई."

चौकशी तीन दिवसांत बसली. नाईकवाडे साहेब आमच्या चौकीचे प्रमुख, आणि शहरातून आलेले दोन अधिकारी. मन्मथनं सगळं खरं सांगितलं.

"मी नुसतं विचारलं, साहेब."

"कुणाला?"

"टिटवीला. आम्ही सगळेच विचारतो."

साहेबांनी तुकडीला एकेकाला आत बोलावून विचारलं. खटका ओढून माणसांची पारख करता का? एकोणीस जणांनी एकोणीस वेळा नाही म्हणून सांगितलं. हो म्हटलं असतं तर सगळेच गेले असते. वस्तीवाल्यांना कुणी विचारलंच नाही. मग साहेब माझ्या टेबलापाशी आले आणि पिशवीत बांधलेली टिटवी समोर ठेवली.

"बिडवे, तुमचा भाऊ आहे हे मला माहीत आहे. पण दुसरा जोडारी माझ्याकडं नाही, आणि उस्तादांची नजर गेली. उघडून बघा आणि दोष आहे की नाही ते लिहून द्या. उद्या सकाळी न्यायला येतो."

ते गेल्यावर उस्तादांनी दार लोटून घेतलं आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले. मग त्यांनी पारखी हातात घेतली, लाखेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "ही लाख कंपनीची न्हाई, बेटी. कंपनीची पातळ असती. तुझा हात जाड पडतो, मी शिकवताना तुला हजारदा बोललो."

मी मान खाली घातली.

"त्याला ठावं हाय?"

"न्हाई."

"मंग उद्या लिही. खरं हाय ते लिही. तुला पाच-सात वर्सं व्हतील. त्याला काय व्हनार न्हाई. त्यानं नेहमीसारखं विचारलं, तू सासूचं तोंड बंद केलतंस."

"हो," मी म्हणाले.

"अजून एक विचारू? तू पळालीस तवा वायरलेस तुझ्या टेबलावर हुता. माझ्यासमोर. एक बटन दाबून 'मन्मथ, टिटवी खाली ठिव' म्हनायचं हुतं. मी तुझ्यामागं ओरडलो बी, वायरलेस घे म्हनून. तू ऐकलंस?"

मी ऐकलं होतं. आजवर हे कुणाला सांगितलेलं नाही. वायरलेस माझ्या हाताशी होता आणि मी त्याच्याकडं बघितलंही होतं. पण त्यावर बोललं की साहेब ऐकणार, तुकडी ऐकणार, का म्हणून विचारणार, आणि लाख फोडलेली सगळ्यांना कळणार. पळत जाऊन काच पुसली असती तर कुणालाच काही कळलं नसतं. म्हणून मी पळाले. लोकांनी नंतर सांगितलं की बिचारी भावासाठी अनवाणी धावली. मी माझ्यासाठी धावले होते.

"मी हितं काय बोलनार न्हाई," उस्ताद उठत म्हणाले. "तुझा भाऊ, तुझा हात. तूच लिही." ते गेले. पुढच्या महिन्यात निवृत्तीही घेतली, आणि माझा निरोपही घेतला नाही.

मी एकटी बसले. खरंच लिहायला बसले होते, यावर विश्वास ठेवा अगर ठेवू नका. कागद समोर ओढला. तारीख टाकली. मग तुरुंग डोळ्यांसमोर आला. माझ्या खिडकीतून शिव्या देत गेलेले जवान आले. त्यांना कळणार होतं की आक्कानं आपल्याला नाही म्हटलं आणि भावाचं तेवढं केलं. शिवलिंगची आई आली. मला भीती वाटली. मी स्पिरिटचा बोळा घेतला, काचेवरचं कुंकू पुसलं. लाख फोडली. कळ परत बंदच्या अंगाला आणली. या वेळी लाख पातळ ओतली, अगदी कंपनीसारखी. उस्तादांनी बघितली असती तर शाबासकी दिली असती. मग लिहिलं, 'पारखी तपासली. मोहोर शाबूत. दोष नाही. समोरील व्यक्तीकडे हत्यारसदृश वस्तू दिसल्यामुळे खटका सुटला असणे शक्य नाही.' शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती. पण काम अर्धवट सोडायची मला सवय नव्हती.

दोष नाही आणि हत्यारही नाही, तर मग त्यानं पारखीवर काहीतरी आड धरून जाणूनबुजून मारलं, असा अर्थ लागला. काच झाकली की खटका बंद होतो, हे कुणीतरी म्हणालं, पण तोवर सगळ्यांना निकाल हवा होता. वस्तीवाले चौकीवर चालून आले होते. सख्ख्या बहिणीनं भावाविरुद्ध लिहून दिलंय म्हणजे खरंच असणार, असं कोर्टानं निकालात म्हटलं. माझं कौतुकही केलं. मन्मथला जन्मठेप झाली.

मी दर महिन्याला तुरुंगात जायची. पहिली दोन वर्षं तो त्या दिवसाविषयी काही बोललाच नाही. चिवडा घ्यायचा, प्रकृती विचारायचा, जाळीपलीकडं बसून राहायचा. तिसऱ्या वर्षी माझ्यानं राहवेना. झोप गेली होती, अन्न जात नव्हतं. मी ठरवून गेले. जाळीला तोंड लावून म्हणाले, "मन्मथ, ऐक. टिटवी सदोष होती. मी तिची लाख फोडली होती. तुझ्यासाठी, शिवलिंगसारखं होऊ नये म्हणून. कुंकू काचेवर होतं, म्हणून ती गप्प राहिली. तुझी काही चूक नव्हती. मी लिहिलं ते सगळं खोटं आहे."

मग त्यानं जाळीतून दोन बोटं पुढं करून माझ्या बोटांना लावली.

"आक्का," तो म्हणाला, "माझ्यासाठी खोटं बोलू नगंस."

"खोटं नाही रे. देवाशप्पथ."

"तू असलं काम करनार न्हाईस. मला म्हाईत न्हाई का? साऱ्या तुकडीला न्हाई म्हनली हुतीस. लई दिवस मीबी म्हनायचो की टिटवीचीच चूक. मग तुझा कागद वाचला कोर्टात. आक्का लिहिती ते खरंच असनार. मग मी रोज आठवाय लागलो. आन् आता सगळं आठवतंय." त्यानं आवाज खाली आणला. "मला राग आला हुता तिचा. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तरी मागं सरायली. माझ्या मनात आलंच हुतं गं. असल्याबिगर बोट कसं वळंल?"

"मन्मथ, नाही रे..."

"आता माझं मन शांत हाय. तू काय बी बोलून ते उसकटू नगं," तो म्हणाला आणि पहारेकऱ्याला भेट संपल्याची खूण केली.

मी बाहेर आले. साहेबांकडं जायचं, कोर्टात जायचं, कागद मागवायचा, असं सगळं बस येईपर्यंत ठरवलं होतं. बस आली आणि मी घरी गेले.

तो चौदा वर्षांनी सुटला. आता साठीला आलाय, गुडघे गेलेत. आम्ही दोघं एकाच घरात राहतो. रोज सकाळी तो कावड घेऊन सुरवसे वस्तीवर जातो आणि अंबूबाईच्या सुनेच्या घरी पाणी भरतो. पहिली दोन वर्षं त्यांनी त्याला दगड मारले. आता दार उघडं ठेवतात. "पाप फिटत न्हाई, पर पानी तर भरता येतं," असं तो म्हणतो. मी तो निघायच्या आधी उठते, चूल पेटवते आणि त्याला दोन भाकरी बांधून देते.